उलटे फिरणारे घड्याळ घ्यावे की नाही?

शेतकऱ्याच्या घरात नवी वस्तू येते ती चार प्रश्नांना उत्तरे देऊनच येते. किती रुपयांची? कशाला लागते? किती दिवस टिकेल? आणि ती नव्हती म्हणून आजवर काय अडले? पहिल्या तीन प्रश्नांतून निभावलेली वस्तू चौथ्यापाशी हमखास अडकते. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र एक मनगटी घड्याळ आमच्या ओसरीवर आले आणि या परीक्षेत जवळजवळ नापास होऊनही पंधरा दिवस घरातून हलेना. त्याचीच ही हकिकत आहे.

आमचे शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. थोडी केळी, बाकी कापूस. आमच्याकडे वीस वर्षांपासून जे सालदार आहेत ते पावरा समाजाचे. त्यांचा मुलगा चोपड्याला कॉलेजात शिकतो. मे महिन्यात तो वडिलांना भेटायला मळ्यात आला तेव्हा त्याच्या मनगटावर नवे घड्याळ दिसले. मी सहज वाकून वेळ पाहिली आणि म्हणालो, "अरे, हे तर बिघडलं! सेकंदाचा काटा मागं पळतोय."

तो हसला. "बिघडलं नाही, आबा. आमचं घड्याळ असंच चालतं."

नीट पाहिले. बारा वर, सहा खाली, हे आपल्यासारखेच. पण बाराच्या उजव्या हाताला एक नसून अकरा, आणि डाव्या हाताला एक. तीन असतात तिथे नऊ, नऊ असतात तिथे तीन. काटे उजवीकडून डावीकडे फिरणारे. आरशात पाहावे तसे सारे घड्याळ. मी ते हातात घेतले आणि खरे सांगतो, खाली ठेववेना. साठीच्या पुढे गेलेला माणूस, पण जत्रेत भिंगरी पाहणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली.

आमच्या घरच्या चहा घेऊन आल्या. त्यांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "आते घड्याय बी उलटं फिराले लागनं का?" एवढेच बोलून त्या आत गेल्या. मी ते घेणार, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले होते.

मुलगा म्हणाला, "आबा, पंधरा दिवस ठेवा, वापरून पाहा. घ्यायचं ठरलं तर आठशे रुपयांत दुसरं आणून देईन. पण चारचौघांना दाखवून हसवण्यासाठी घेणार असाल तर नका घेऊ. आमच्यासाठी ती गंमत नाही."

हे शेवटचे वाक्य मनाला लागले. कारण खरे म्हणजे मला ते गंमत म्हणूनच हवे होते.

हे घड्याळ आले कुठून?

वाचकांपैकी काहींनी याची बातमी वाचली असेल. छत्तीसगडमधल्या गोंड समाजात अशी उलट्या काट्यांची घड्याळे बऱ्याच वर्षांपासून घराघरांतल्या भिंतींवर आहेत. मनगटी घड्याळाची बातमी गाजली ती जानेवारी २०२३ मध्ये, गुजरातेत छोटा उदेपूर येथे आदिवासी एकता परिषदेचे संमेलन भरले तेव्हा. ते घड्याळ तापी जिल्ह्यातल्या तरुणाच्या कल्पनेतून तयार झाले होते. तापी जिल्हा म्हणजे आपल्या नवापूरच्या पलीकडचा मुलूख. १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होते, तेव्हा हे घड्याळ जुन्या धुळे जिल्ह्याच्या वेशीवरचेच म्हणायचे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना सोयरिकी आहेत, बाजार आहेत. घड्याळही त्याच वाटेने चोपड्यापर्यंत आले.

ते वापरणाऱ्यांचे म्हणणे असे: निसर्गाची चाल उजवीकडून डावीकडे आहे. पृथ्वी तशीच फिरते. वेली तशाच चढतात. आमच्या लग्नातले फेरे तसेच, नाचाचा फेरही तसाच. बाई जाते फिरवते तेही त्याच हाताला. मग घड्याळानेच दुसऱ्या हाताला का फिरावे?

माझे जुने घड्याळ

माझ्या हातात १९८४ पासून एच. एम. टी.चे घड्याळ आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेले. त्या काळी नवरदेवाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ मिळाला म्हणजे गावात आठ दिवस चर्चा होई. एच. एम. टी.ने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि साध्या माणसाच्या मनगटावर देशी घड्याळ आले. माझे आहे ते 'जनता', चावीचे. दिवेलागणीला दिवा लावायचा आणि घड्याळाला चावी द्यायची, हा चाळीस वर्षांचा नेम आहे. २०१६ साली केंद्र सरकारने तो घड्याळाचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, पण माझे घड्याळ चालूच आहे.

म्हणजे चौथ्या प्रश्नाचे उत्तर उघड होते. उलट्या घड्याळावाचून माझे काहीही अडलेले नव्हते.

आत काय असते?

तरीही पहिल्या आठवड्यात चोपड्याला गेलो तेव्हा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे ते उघडून घेतले. वाटले होते, आत काही मोठी करामत असेल. तो भिंग लावून म्हणाला, "आबा, हे साधं क्वार्ट्झ आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशा घड्याळात क्वार्ट्झ म्हणजे गारेच्या जातीच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. बटणसेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र का? कारण त्याचे निम्मे, त्याचे पुन्हा निम्मे, असे पंधरा वेळा केले की बरोबर एक उरतो. आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट तेवढेच काम करते आणि दर सेकंदाला विजेचा एक ठोका एका इवल्याशा मोटरला देते. मोटर अर्धा फेरा फिरते, काटा एक घर सरकतो. ही मोटर कोणत्या हाताला फिरायची हे तिच्याभोवतीच्या एका पातळ पत्र्याच्या घडणीवर ठरते. तो पत्रा पालथा बसवला की मोटर उलटी फिरते, आणि तिच्यामागे सारी चाकेही. वर अंक उलट्या क्रमाने छापले की घड्याळ तयार.

सांगायचे ते इतकेच की, उलटे चालते म्हणून हे घड्याळ मागेपुढे पडत नाही. त्याची अचूकता कोणत्याही साध्या क्वार्ट्झ घड्याळाइतकीच. सेलही तोच, कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळणारा. म्हणजे तिसऱ्या प्रश्नात ते पास झाले.

एका रात्रीचा फटका

दुसऱ्या प्रश्नात मात्र सपशेल आपटले. ते दिवस नवतपाचे. जळगाव-धुळ्याचा तो उन्हाळा वाचकांना सांगायला नको. केळीला एक पाळी चुकली तर पाने करपलीच म्हणून समजा. आमच्या भागात त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री साडेबाराला येत होती. ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायचा होता म्हणून ऑटो स्विच बंद ठेवून मी शेतातल्या खोलीत झोपलो. मोबाइल घरी चार्जिंगला. हातात हे नवे घड्याळ.

मध्येच जाग आली. बॅटरीच्या उजेडात घड्याळ पाहिले. साडेअकराला पाचच मिनिटे कमी होती. वीज यायला तासाभराचा अवकाश आहे असे समजून कूस बदलली. शेजारच्या शेतकरी भावाने बांधावरून हाक मारली तेव्हा उठलो. "आबा, लाइट केव्हाची आली! मोटर का बंद?" घड्याळातले अंक एकेक करून वाचले. दोन वाजून गेले होते.

चूक घड्याळाची नव्हती. आपण घड्याळातले अंक वाचतच नाही. काट्यांची ठेवण पाहतो आणि वेळ ओळखतो. मला जाग आली तेव्हा खरे बारा पस्तीस झाले होते. पण उलट्या तबकडीवर बारा पस्तीसची ठेवण आपल्या घड्याळातल्या अकरा पंचवीससारखी दिसते. त्याचा हिशोब मला नंतर सापडला: सवयीने दिसलेली वेळ बारातून वजा करायची, म्हणजे खरी वेळ मिळते. सव्वानऊ दिसले तर खरे पावणेतीन. सव्वासहा दिसले तर खरे पावणेसहा. हिशोब सोपा आहे, पण मध्यरात्री झोपेत असलेल्या माणसाला बारातून वजाबाकी करायला लावणारे घड्याळ शेतीच्या कामाचे नाही. दीड तासाचे पाणी गेले. मी तेव्हाच ते हातातून काढून ठेवले आणि जुने चढवले.

घरी सांगितले तेव्हा आमच्या घरच्या काही बोलल्या नाहीत. फक्त विचारले, "केळी कशी आहे?" ते न बोलणेच मला जास्त लागले.

सावलीने केलेली फजिती

आता घड्याळ परत करायचे, हे ठरल्यासारखे होते. पण जाता जाता त्या मुलाचे म्हणणे खोडून काढावे, असा खोडसाळ विचार मनात आला. घड्याळाचे काटे डावीकडून उजवीकडे का फिरतात याचे कारण मला शाळेपासून ठाऊक होते. जुन्या काळी काठीच्या सावलीवरून वेळ पाहत. सकाळी सावली पश्चिमेला, दुपारी उत्तरेला, संध्याकाळी पूर्वेला. युरोपात यंत्राची घड्याळे बनवू लागले तेव्हा काटे त्या सावलीच्याच चालीने ठेवले, असे सर्वसाधारणपणे सांगतात. म्हणजे आपले घड्याळही निसर्गाचेच. हे त्याला प्रत्यक्ष दाखवायचे म्हणून ४ जूनला मी अंगणात पाच फुटांची सरळ काठी ओळंबा लावून रोवली. तिसरीत गेलेली नात सुट्टीला आली होती. तिच्या हातात खडे दिले आणि सांगितले, दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकावर एक खडा ठेव.

साडेअकराला सावली पश्चिमेला दीड वीत होती. मग ती आखूड होत गेली. आता उत्तरेकडे वळेल म्हणून मी पाहतो आहे, तर ती वळली दक्षिणेकडे! साडेबाराला दोन-तीन मिनिटे असताना ती सर्वांत आखूड झाली, इंचाहून थोडी जास्त, आणि नेमकी दक्षिणेला. तिथून ती पूर्वेकडे गेली. नातीने खडे जोडून बोटाने रेघ ओढली. पश्चिम, दक्षिण, पूर्व. नात म्हणाली, "आबा, सावली त्या दादाच्या घड्याळासारखी फिरली!"

मी खालीच बसलो. सावली उलटी फिरली होती.

विचार केल्यावर कारण कळले, आणि ते आपल्या सर्वांच्या अंगणाला लागू आहे. आपला खानदेश एकवीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे. सूर्य उत्तरेकडे साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्या दुपारी काठीची सावली तिच्या पायातच विरते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून दुपारची सावली दक्षिणेला पडते आणि उजवीकडून डावीकडे फिरते. पंचांगात पाहिले तर सूर्य रोहिणीत जातो तोही साधारण २५ मेच्या सुमारास. रोहिणी, मृग, आर्द्रा. ज्या दिवसांत आपण पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो, नेमक्या त्याच दिवसांत आपल्या अंगणातली दुपारची सावली उलटी चालते. एवढी वर्षे शेतात राबलो, पण पायाखालची सावली कधी पाहिली नव्हती. युरोप खूप उत्तरेला. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, म्हणून तिथली दुपारची सावली बारा महिने एकाच हाताला फिरते. त्या सावलीचे घड्याळ आपण हातावर बांधले आहे.

आणखी एक गोष्ट त्या काठीने दाखवली. सूर्य माथ्यावर आला तेव्हा घड्याळात बारा नव्हे, जवळजवळ साडेबारा वाजले होते. कारण आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरकडची. तिथल्यापेक्षा सूर्य जळगावला सुमारे २८ मिनिटे आणि धुळ्याला सुमारे ३१ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत चालू होती. घड्याळात किती वाजले हे सूर्य ठरवत नाही, माणसे ठरवतात. काटा कोणत्या हाताला फिरावा, हेही माणसांनीच ठरवले आहे.

दोन्ही बाजू

मग मी त्या मुलाच्या बाकीच्या गोष्टीही तपासल्या. परसातली चवळी आणि वाल वरून वाकून पाहिले. दोन्ही वेल डाव्या हाताला वळसे घेत चढले होते. बहुतेक वेलींची चाल तशीच असते, सगळ्यांची नव्हे. आमच्या घरच्यांना जात्यावर डाळ भरडताना पाहिले. जातेही तसेच फिरत होते. पण त्यांनी लगेच सुनावले, "देवळात प्रदक्षिणा उजवीकडूनच घालतात, तेही लिहा." लिहिले. पृथ्वीचे म्हणाल तर उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिले तर ती उजवीकडून डावीकडे फिरते, दक्षिण ध्रुवाकडून पाहिले तर उलट. म्हणजे निसर्ग एकाच्याच बाजूचा नाही.

जगातही हा विचार करणारे आहेत. प्राग शहरात ज्यू लोकांच्या जुन्या सभागृहावर हिब्रू अक्षरांचे घड्याळ आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्याचे काटेही तसे फिरतात. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशाने २०१४ साली आपल्या संसदेच्या इमारतीवरचे घड्याळ उलटे केले. आम्ही पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात राहतो, उत्तरेच्या चालीने का चालावे, असे तिथल्या सरकारचे म्हणणे होते. त्या देशातही आदिवासी समाज मोठा आहे.

शेवटी काय ठरले?

पंधरा दिवस पूर्ण झाले तेव्हा मुलगा घड्याळ न्यायला आला. मी त्याला अंगणात नेले. खडे अजून तसेच होते. पुन्हा दुपारभर काठीजवळ बसलो. तो, त्याचे वडील, नात आणि मी. सावली दक्षिणेला वळली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे आमच्यातही कुणी सांगितलं नव्हतं, आबा." त्याचे वडील वीस वर्षे माझ्या शेतात येतात. आजवर आमचे बोलणे खत, पाणी, मजुरी यापलीकडे फार गेले नव्हते. त्या दुपारी त्यांनी प्रथमच मला त्यांच्या गावची लग्ने, होळीचा भोंगऱ्या बाजार आणि तिथला नाच यांबद्दल सांगितले.

मी त्याला म्हणालो, "मी आधी गंमत म्हणूनच मागितलं होतं. आता तसं वाटत नाही. आणून दे."

आठशे रुपये म्हणजे थोडे नाहीत. त्यात ठिबकच्या नळ्यांची किरकोळ दुरुस्ती झाली असती. पण पैसे मोजले ते आमच्या घरच्यांनीच, आणि दोन अटी घातल्या. पाण्यावर जाताना जुनेच घड्याळ घालायचे. आणि नातीचे सुलटे घड्याळ पक्के होईपर्यंत हे तिच्या हाती द्यायचे नाही. दोन्ही अटी योग्य आहेत. ज्या घरात मूल नुकते घड्याळ शिकते आहे, किंवा गाडी, दवाखाना, औषधाची वेळ ज्याच्यावर अवलंबून आहे, तिथे एकच एक घड्याळ असेल तर ते सवयीचेच असावे. नवलाची वस्तू घ्यायची तर कामाची वस्तू शाबूत ठेवून घ्यावी, कर्ज काढून कधीच घेऊ नये, आणि ज्यांची ती वस्तू आहे त्यांना ती काय वाटते हे आधी विचारून घ्यावे. आमच्या चार प्रश्नांत हा पाचवा आम्ही आता घातला आहे.

ते घड्याळ आता ओसरीवरच्या खुंटीला असते. कुठे लग्नाला, पाहुण्यात गेलो तर घालतो. कुणी हसले तर त्याला काठीची गोष्ट सांगतो.

वाचकहो, घड्याळ घ्या किंवा घेऊ नका. पण येत्या रोहिणीत, आभाळ भरून येण्याआधी, एक काठी अंगणात जरूर रोवा आणि लेकराबाळांना घेऊन साडेअकरापासून दीडपर्यंत तिच्याजवळ बसा. त्याला एक पैसाही लागत नाही.